कागदाचा पॅटर्न : आमची वाटचाल

वडील कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पॅटर्न मेकर होते, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने बनवायचे. त्यांच्याकडं एक पोलादी पट्टी होती. दिसायला साधी, पण तिच्यावरचा फूट बाजारातल्या फुटापेक्षा इंचाच्या आठव्या भागानं मोठा. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना फुटाला साधारण तेवढं आकसतं, म्हणून लाकडी पॅटर्न आधीच तेवढा मोठा करायचा. ती पट्टी आज माझ्या टेबलावर असते. मी लाकूड कापत नाही. मी बिलं, टेस्ट सर्टिफिकेटं, दूध बिलं, स्टॉक रिपोर्ट यांचे साचे बनवतो. साच्यात डेटा ओतला की कागद तयार. ओतल्यावर काय फुगणार आणि काय आकसणार हे ओतायच्या आधी ठरवायचं, एवढं वडिलांकडून घेतलं आणि त्यावरच पोट भरलं.

२००३ साली दोघांनी सुरुवात केली, मी आणि माझा एक वर्गमित्र. शाहूपुरीत एक खोली, एक कॉम्प्युटर, व्हिज्युअल बेसिक, त्यातलं रिपोर्ट छापायचं क्रिस्टल रिपोर्ट्स आणि ८० कॉलमचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. तो गिऱ्हाईक आणायचा, मी साचे करायचो. पहिलं काम जवळच्याच एका गुळाच्या पेढीचं. शेतकऱ्याला द्यायची पट्टी, म्हणजे हिशोबाचा कागद: रवे, वजन, दर, खाली हमाली, तोलाई. स्टेशनरी आधीच छापलेली, आपण फक्त आकडे टाकायचे. कागद बारा इंची, इंचाला सहा ओळी, म्हणजे पानाला बरोबर ७२. मी ७१ धरल्या होत्या. पहिली पट्टी सुरेख आली. प्रत्येक पानाला आकडे एकेक ओळ वर सरकत गेले आणि दहाव्या शेतकऱ्याची हमाली वजनाच्या रकान्यात जाऊन बसली. पेढीवाले काही बोलले नाहीत, फक्त तो कागद माझ्यापुढं ठेवला. त्या दिवसापासून छापील कोरा कागद आणि आकड्यांचा कागद एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात बघायची सवय लागली. पहिलं पान आणि पन्नासावं पान, दोन्ही. पडद्यावरचा प्रीव्ह्यू बघून साचा पास करणाऱ्या पोरावर मी आजही ओरडतो.

आम्हाला उभं केलं ते शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, मालकांनी, मामांनी. नात्यानं कोणी नाहीत, पण अख्खी फाउंड्री त्यांना मामाच म्हणायची. फाउंड्रीवाल्याला टीसी म्हणजे काय हे सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी: मालाबरोबर जाणारं टेस्ट सर्टिफिकेट. हीट नंबर (कुठल्या वितळणीतला माल तो नंबर), ग्रेड, कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, सल्फर, फॉस्फरस, बीएचएन म्हणजे कठीणपणा, टेन्साइल म्हणजे ताण सोसायची ताकद. ग्रेड एफजी २६० लिहिलं असेल तर टेन्साइल २६० च्या खाली दिसता कामा नये. गाडीबरोबर टीसी नसेल तर पुण्यात माल उतरवून घेत नाहीत, गाडी गेटवर उभी. मामांकडं धातूतले घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रो मशीनचे आकडे एक पोरगा हातानं टाइप करायचा. एकदा त्यानं सल्फर आणि फॉस्फरसची अदलाबदल केली आणि अख्खा लॉट परत आला. मामा मला म्हणाले, "कागद चुकला की माझं कास्टिंग खोटं ठरतंय बघ. असलं काय तरी कर, की माणसाचा हातच लागाय नको."

तो साचा करायला मी पंधरा दिवस त्यांच्या लॅबमध्ये बसलो. सल्फर-फॉस्फरस तीन दशांशांपर्यंत हवे होते, म्हणून ते दोन रकाने बाकीच्यांपेक्षा दोन मिलिमीटर रुंद केले. त्यांचं जुनं पंचिंग मशीन कागदाच्या बरंच आत भोक पाडायचं, भोक हीट नंबरवर यायचं, म्हणून डावा समास १७ मिलिमीटर. मर्यादेबाहेरचा आकडा आला तर साचा टीसी छापतच नव्हता, लॅबच्या माणसाला आधी आकडा दाखवायचा. मामांनी पहिला टीसी हातात घेतला, चष्मा वर केला, उजेडात धरला आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोन फाउंड्रीवाल्यांना फोन केला. दहा वर्षांत ४१ गिऱ्हाइकं झाली. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. काम होतं, आम्ही करत होतो.

२०१५ मध्ये भागीदारी मोडली. कारणं घरगुतीही होती, ती इथं लिहीत नाही. वाटणीच्या कागदावर कॉम्प्युटर, प्रिंटर, डिपॉझिट, येणी सगळं लिहिलं. साचे कोणाचे, याबद्दल एक ओळ नाही. म्हणून धंद्यात नवीन असणाऱ्यांना मी सांगतो, विचारलं नसलं तरी सांगतो: भागीदारीच्या पहिल्याच दिवशी लिहून घ्या की केलेलं डिझाइन कोणाच्या मालकीचं. मित्र आहे म्हणून लाजू नका. आम्ही लाजलो.

लोकांना वाटतं आम्हाला महापुरानं बुडवलं असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीला हायवेवर पाणी होतं, गिऱ्हाइकांपर्यंत जाता येत नव्हतं, हे खरं. पण आम्ही जवळजवळ संपलो ते त्याच्या दोन वर्षं आधी, जीएसटीच्या वेळी, आणि त्यात माझी चूक होती.

गिऱ्हाइकांचे प्रोग्राम दुसऱ्यांनी केलेले असायचे, आमचा फक्त रिपोर्ट. प्रोग्रामवाला बदल करून द्यायला महिना लावायचा, म्हणून मी एक्साइजचं आणि व्हॅटचं गणित साच्यातच सूत्र लिहून करून टाकायचो. गिऱ्हाईक खूश, मी खूश. एकेका गिऱ्हाइकाची चार-चार प्रकारची बिलं. २०१७ च्या जूनमध्ये मोजलं तर १६० फायली, आणि प्रत्येकीत साडेबारा टक्क्यांचं सूत्र कुठंतरी लपलेलं. १ जुलैपासून राज्यातल्या गिऱ्हाइकाला सीजीएसटी-एसजीएसटी नऊ-नऊ, बाहेरच्याला आयजीएसटी अठरा, मालाच्या वर्गाचा एचएसएन कोड, प्लेस ऑफ सप्लाय, तिन्ही प्रतींवरची नावंसुद्धा वेगळी. आम्ही चौघं रात्रंदिवस बसलो तरी दिवसाला पाच-सहा साच्यांच्या वर होत नव्हते.

तोवर जुना भागीदार एकच तयार बिल घेऊन माझ्या गिऱ्हाइकांकडं फिरत होता. सगळ्यांना एकच साचा, आज सांगा उद्या चालू. माझ्याबद्दल काय सांगत होता तेही कानावर आलं: "त्यांची सगळी बिलं फेकून द्यावी लागणार." दोन महिन्यांत २३ गिऱ्हाइकं गेली. बहुतेकांनी सांगितलंसुद्धा नाही, एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभालीचा, चेक आला नाही तेव्हा कळलं. तीनपैकी दोन पोरांना घरी पाठवावं लागलं. खोलीचं भाडं पतसंस्थेच्या कर्जातून भरलं.

१ जुलैला शनिवार होता. मामांची पुण्याची गाडी भरून उभी होती आणि आमच्या साच्यातून पहिलं जीएसटी बिल निघायचं होतं. मी मोल्डिंग शॉपशेजारच्या डिस्पॅचच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. बिल निघालं. बेरीज बरोबर, दोन्ही कर बरोबर, पण अक्षरी रक्कम उजवीकडं अर्ध्यात कापलेली. रक्कम लाखात गेली होती, मजकूर लांबला होता आणि त्या चौकटीला मी वाढायची परवानगीच दिली नव्हती. 'कॅन ग्रो'ची एक खूण. ती दिली तर खालची सहीची जागा पानाबाहेर गेली. सही वर घेतली तर एचएसएनचा तक्ता तिच्यावर चढला. ड्रायव्हर दोनदा येऊन बघून गेला. मामा बाजूच्या खुर्चीवर बसून होते, एकदाही "किती वेळ" म्हणाले नाहीत. पावणेबाराला गाडी सुटली. निघताना म्हणाले, "तुझ्या त्या दोस्ताचा माणूस परवा आलता. चहा पाजला आणि लावून दिला." नुसतं एवढ्यावर थांबले नाहीत, पुढच्या वर्षाची एएमसी त्याच आठवड्यात आगाऊ दिली. त्या पैशावर आम्ही तगलो.

पुढच्या वर्षी गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत कामानिमित्त गेलो होतो. ते माझे गिऱ्हाईक कधीच नव्हते. टेबलावर त्यांचा टीसी पडलेला. वरचं नाव वेगळं, लोगो वेगळा. सल्फर-फॉस्फरसचे रकाने रुंद, पण आकडे दोनच दशांशांचे. खिशातली साधी पट्टी काढून समास मोजला, १७ मिलिमीटर. मी विचारलं, तुम्ही पंच करून फाइल करता का? ते म्हणाले, छे, आमचे सगळे टीसी ईमेलनं जातात. कुणाकडून करून घेतला हे विचारायची गरज नव्हती. माझे पंधरा दिवस, मामांच्या पंचिंग मशीनची खोड, सगळं तिथं छापलेलं होतं. वकिलाकडं गेलो. त्यानं वाटणीचा कागद वाचला आणि परत दिला. हे दुःख अजून गेलेलं नाही, आणि ते लपवायचं मला कारण दिसत नाही.

त्या साली आम्ही सगळं नव्यानं बांधलं. एकच नियम: साचा गणित करणार नाही. कर, राउंड ऑफ, बेरीज सगळं आधी एका तक्त्यात तयार होईल, साचा फक्त मांडेल. मग दर बदलला तर एका जागी बदलायचा. लाख-कोटीचे स्वल्पविरामसुद्धा आधीच लावून घ्यायचे, कारण परदेशी सॉफ्टवेअर लायब्ररी तीन-तीन आकड्यांवर तोडते आणि १२,५०,००० चे १,२५०,००० करते. मराठी अक्षरी रक्कम हवी असेल तर एक ते नव्व्याण्णवचा पूर्ण तक्ताच लागतो. इंग्रजीत वीसच्या पुढं शब्द जोडता येतात, आपल्याकडं एकोणसाठ आणि एकोणऐंशी कुठल्या सूत्रात बसत नाहीत.

दूध संस्थांच्या दहा दिवसांच्या बिलांनी आणखी एक धडा दिला. फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), लिटर, दर सगळं नीट, पण पीडीएफमध्ये 'किलो'ची वेलांटी क च्या उजवीकडं जाऊन उभी. रिपोर्टसाठी आम्ही वापरत होतो त्या जॅस्पर सॉफ्टवेअरच्या पीडीएफ लायब्ररीला देवनागरी जुळवताच येत नव्हती. महिनाभर फॉन्ट बदलत बसलो, शेवटी मराठी बिलांचं पान एचटीएमएलमध्ये मांडून क्रोमकडून पीडीएफ करून घेतली. ब्राउझरला वेलांटी कुठं लावायची ते कळतं. फॉन्टवर महिना घालवू नका, आधी कोण अक्षरं जुळवतंय ते बघा.

आणि साचा तपासताना नेहमी वाईटात वाईट डेटा घाला. 'सहकारी दूध व्यावसायिक संस्था मर्यादित'नं संपणारं लांबलचक नाव, शून्य ओळींचं बिल, चारशे ओळींचं बिल, आणि अशी संख्या की बेरीज नेमकी पुढच्या पानावर एकटी जाईल. बेरीज एकटी जाऊ द्यायची नाही, शेवटच्या दोन ओळी तरी तिच्याबरोबर पाठवायच्या.

मामा आता फाउंड्रीत रोज येत नाहीत, मुलगी सगळं बघते. गेल्या महिन्यात तिनं टीसीवर क्यूआर मागितला, स्कॅन केला की मूळ सर्टिफिकेट दिसावं म्हणून. कागद समोर धरून विचारलं, "काका, डावीकडं एवढी जागा का सोडलीय?" मी पंचिंग मशीनचं सांगितलं. ते भंगारात जाऊन चार वर्षं झाली म्हणाली. क्यूआरभोवती त्याच्यातल्याच चार बारीक चौकोनांएवढी कोरी जागा लागते, ती कुठून काढायची हा माझ्यापुढं प्रश्न होताच. समास १० वर आणला, हीट नंबर सात मिलिमीटर डावीकडं सरकला आणि उजवीकडं क्यूआर बसला. पहिली प्रिंट तिनं मामांना घरी दाखवायला नेली.