जांभळ्या बल्बमधले पोटॅशियम

काही वर्षांपूर्वी लॅबमध्ये रात्रपाळीला असताना वॉर्डातून आलेल्या एका नमुन्यात पोटॅशियम ८.६ निघाले. निरोगी माणसात ते साधारण ३.५ ते ५.१ असते आणि साडेसहाच्या वर गेले की हृदयाच्या ठोक्यांची काळजी करावी लागते. त्यामुळे आकडा पाहताच मी फोनकडे हात नेला. पण त्याच कागदावर कॅल्शियम ३ च्याही खाली होते आणि अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम (विकर) जवळजवळ शून्यावर आले होते. इतके कमी कॅल्शियम असलेल्या माणसाला आकडी यायला हवी होती. वॉर्डात विचारले तेव्हा सिस्टर म्हणाल्या की, रुग्ण खाटेवर बसून चहा घेत आहेत आणि त्यांचा ईसीजी अगदी व्यवस्थित आहे. हे तीन आकडे एकत्र दिसले की रोगाआधी रक्त भरलेल्या नळीचा संशय घ्यावा, हे शिकवले गेले होते. प्रत्यक्षात ते त्या रात्री प्रथमच पाहिले.

रक्त घेणाऱ्या मुलाला विचारल्यावर उलगडा झाला. शीर नीट सापडत नव्हती, सिरिंजमध्ये रक्त थोडेच आले होते आणि त्याने सवयीने आधी सीबीसीचा (रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीचा) जांभळ्या झाकणाचा बल्ब, म्हणजे नळी, भरला होता. प्लेन बल्बमध्ये, म्हणजे रक्त गोठू देऊन वरचे सीरम (पातळ द्रव) तपासायच्या नळीत, रक्त कमी पडले, तेव्हा जांभळ्यातले थोडे त्यात ओतले. ‘रक्त तर त्याच पेशंटचं आहे ना, मॅडम?’ असे तो म्हणाला आणि त्याच्या बाजूने पाहता हा प्रश्न मुळीच वेडगळ नव्हता. प्लेन बल्बमधले रक्त गोठायला नेहमीपेक्षा वेळ लागला होता, हेही त्याला नंतर आठवले.

(आपल्याकडच्या लॅबमध्ये या नळ्यांना बल्ब का म्हणतात, हे मला आजवर कोणी समाधानकारक सांगितलेले नाही, पण ‘प्लेन बल्ब’, ‘फ्लोराइड बल्ब’ हेच शब्द तोंडात बसलेले असल्याने येथेही तेच वापरते.)

जांभळ्या बल्बच्या आत फवारलेले असते ते ईडीटीए, तेही पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात, दर मिलिलिटर रक्तामागे साधारण १.८ मिलिग्रॅम. रक्त गोठण्यासाठी कॅल्शियम लागते आणि ईडीटीए ते घट्ट धरून ठेवते, म्हणून रक्त पातळ राहते आणि पेशी मोजता येतात. मात्र हेच रसायन दुसऱ्या नळीत गेले की ते सोबत स्वतःचे पोटॅशियम नेते, तिथले कॅल्शियम पकडते आणि अल्कलाइन फॉस्फेटेजला काम करण्यासाठी लागणारे जस्त व मॅग्नेशियमही हिरावून घेते. आमच्या कागदावरच्या तिन्ही आकड्यांचा खुलासा एवढ्यात होतो. खरा धोका पुढे होता: वॉर्डातल्या डॉक्टरांनी त्या आकड्यावर विश्वास ठेवला असता, तर पोटॅशियम खाली आणण्यासाठी ग्लुकोजसोबत इन्सुलिन दिले गेले असते आणि मुळात नॉर्मल असलेले पोटॅशियम आणखी खाली ओढले गेले असते. दुसऱ्या हातातून पुन्हा घेतलेल्या नमुन्यात ते ४.२ आले.

नळ्या भरण्याचा क्रम हा या गोंधळावरचा तोडगा आहे. कॅलम आणि कूपर यांनी १९८२ मध्ये हा क्रम सुचवणारा लेख प्रसिद्ध केला आणि पुढे सीएलएसआय या अमेरिकी मानक संस्थेने तो आपल्या नियमावलीत घेतला. आज चालतो तो क्रम असा: प्रथम ब्लड कल्चरच्या (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या) बाटल्या, मग गोठण्याच्या तपासणीची फिकट निळी सायट्रेटची नळी (सायट्रेटही रक्त गोठू देत नाही), त्यानंतर सीरमची लाल किंवा पिवळी, मग रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची हिरवी, मग ईडीटीएची जांभळी आणि सर्वांत शेवटी साखरेची करडी. विद्यार्थी हा क्रम रंगांच्या साखळीसारखा पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरतात. कल्चर पहिले, कारण इतर नळ्यांची झाकणे निर्जंतुक असतीलच असे नाही. हिरवी जांभळ्याच्या आधी, कारण हेपॅरिनचा अंश पुढे गेल्याने होणारे नुकसान ईडीटीएच्या मानाने किरकोळ असते. करडीत सोडियम फ्लोराइड आणि बहुधा पोटॅशियम ऑक्झलेट असते; त्यातले फ्लोराइड पेशींना साखर खाऊ देत नाही, पण इतर तपासण्यांच्या एन्झाइमांनाही ते अडवते, म्हणून ती शेवटी.

निळी आणि लाल यांच्या जागेवरून मात्र जुन्या शिक्षकांशी वाद होतोच. त्यांच्या काळी प्लेन आधी आणि निळी नंतर असे होते, आणि ते चुकीचे नव्हते. तेव्हा लाल नळी साध्या काचेची, आत काहीही नसलेली असे आणि सुई घुसताना आलेला ऊतींचा रस तिच्यात सोडून दिला की गोठण्याच्या तपासणीसाठी स्वच्छ रक्त मिळे. पुढे प्लास्टिकच्या नळ्या आल्या आणि त्यांत रक्त लवकर गोठावे म्हणून सिलिकाचा थर आला. त्याचा कण निळ्या नळीत गेला तर पीटी-एपीटीटी या गोठण्याच्या तपासण्यांचे निकालच बिघडणार, म्हणून त्या नियमावलीच्या २००३ च्या आवृत्तीत निळी पुढे आणली गेली. जुनी पुस्तके अजून ग्रंथालयांत आहेत, त्यामुळे दोन्ही क्रम शिकलेली माणसे एकाच लॅबमध्ये भेटतात.

निळ्या नळीचे लाड आणखी पुष्कळ आहेत. तिच्यात एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त लागते. रेषेपर्यंत भरली नाही तर सायट्रेट प्रमाणाबाहेर होऊन रक्त गोठण्यास लागणारा वेळ खोटाच वाढलेला दिसतो. बटरफ्लाय सुई वापरली तर तिच्या नळकांडीतली हवा पहिल्या नळीत जाते, म्हणून निळीच पहिली असेल तेव्हा एक रिकामी नळी भरून टाकून द्यावी लागते. डेंग्यूच्या दिवसांत तिचा एक वेगळाच उपयोग होतो. काही जणांच्या प्लेटलेट ईडीटीएमध्ये गुठळ्या करतात आणि यंत्र त्या मोजत नाही; घरचे लोक वीस हजारांचा आकडा पाहून प्लेटलेटच्या पिशव्या शोधायला धावतात. स्लाइडवर गुठळ्या दिसल्या तर सायट्रेटमध्ये नमुना घेऊन आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचे.

बंद व्हॅक्यूम पद्धतीत, हात खाली झुकलेला असताना आणि नळी बुडाकडून भरत असताना, एका नळीतले रसायन दुसरीत जाण्याचे प्रमाण फारच कमी असते, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. तरीही ईएफएलएम या युरोपातील प्रयोगशाळा-वैद्यकाच्या महासंघाच्या कार्यगटाने २०१७ मध्ये क्रम पाळावा असेच मत दिले. तालुक्याच्या गावी मात्र हा वाद गैरलागू वाटतो, कारण तिथे अनेकदा सिरिंजने रक्त काढून, झाकणे उघडून बल्ब भरले जातात. सिरिंजचे टोक जांभळ्या बल्बच्या कडेला लागून तेच प्लेनमध्ये जाते, दट्ट्या जोरात दाबल्याने पेशी फुटतात आणि त्यांच्यातले पोटॅशियम बाहेर येते. या दुसऱ्या प्रकारात निदान सीरम लालसर तरी दिसते. ईडीटीएची भेसळ डोळ्यांना दिसत नाही.

आणि रक्त कमीच आले तर? हा प्रश्न त्या मुलाने नंतर विचारला आणि तोच सर्वांत कामाचा होता. अशा वेळी बल्बांची वाटणी आपल्या मनाने न करता वॉर्डला फोन करून कोणती तपासणी आधी हवी ते विचारावे, तेवढ्याच नळ्या क्रमाने आणि पूर्ण भरून घ्याव्यात, बाकीच्यांसाठी दुसऱ्यांदा टोचावे लागेल हे रुग्णाला सांगावे. रुग्ण कुरकुरतात. त्या रात्रीच्या गृहस्थांनीही चहाचा कप खाली ठेवून दुसरा हात पुढे करताना बऱ्यापैकी ऐकवले होते.