कॅसिओचा गोतावळा

आमच्या खानदेशात कॅसिओ वाजवतात, कॅसिओ मनगटावर बांधतात आणि कॅसिओवर कापसाचा हिशोबही करतात. वस्तू वेगळ्या, दुकानं वेगळी, घेणारी माणसंही वेगळी. बँडवाल्याला सांगितलं की तुझा कॅसिओ आणि व्यापाऱ्याच्या गादीवरचा कॅल्क्युलेटर एकाच जपानी घराण्यातले, तर तो "असं का?" म्हणून पुढच्या गाण्याला लागतो. मला मात्र या घराण्याचा लळा आहे. फोन किती आले नि गेले, कॉम्प्युटर बदलले, टीव्हीचं तर विचारूच नका. पण कॅसिओची एखादी तरी वस्तू घरात कायम राहिली. कंपनीचं पूर्ण नाव ‘कॅसिओ कॉम्प्युटर कंपनी’ असं आहे. त्या हिशोबाने चोपडा तालुक्यात कॉम्प्युटर सगळ्यांत आधी आमच्याच घरात आला असावा.

पहिला जिव्हाळा कॅल्क्युलेटरचा. आमचे आण्णा एका कापूस व्यापाऱ्याकडे मुनीम होते. पावकी-निमकी तोंडपाठ असलेल्या शेवटच्या पिढीतले. दसऱ्यानंतर हंगाम लागला की गादीवर खातेवहीशेजारी बारा आकडी कॅसिओ येऊन बसायचा. वजनांची लांबलचक बेरीज, त्यातून कट्टी, म्हणजे व्यापारी मालाच्या वजनातून कापतो ती घट, वजा, गुणिले भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा. आण्णांची नजर कागदावर आणि बोटं बटणांवर. पाचाच्या बटणावर बारीकसा उंचवटा असतो. तो बोटाला लागला की बाकीचे आकडे न बघता सापडतात. हे मी शिकलो ते त्यांच्या मांडीशी बसून.

खरी गंमत उत्तर आल्यावर. कॅल्क्युलेटरचं तोंड दाबणाऱ्याकडे असतं, समोरच्या शेतकऱ्याला आकडे उलटे आणि पुसट दिसतात. म्हणून आण्णा उत्तर आलं की यंत्र गर्रकन फिरवून समोर ठेवत. "पाहून घ्या, आबा." आबा कपाळाला आठ्या घालून पाहत आणि हमखास म्हणत, "आजून एक डाव कर बरं." मग आण्णा सगळं पुन्हा दाबत नसत. त्या यंत्रावर ‘चेक’ नावाचं बटण होतं. ते दाबत गेलं की आधी केलेली बेरीज-वजाबाकी एकेका पायरीने परत पडद्यावर येते. पहिल्या गाठोड्याचं वजन, दुसऱ्याचं, तिसऱ्याचं. आबा आपल्या हातातल्या चिठ्ठीशी आकडा ताडून मान हलवत, आण्णा पुढचा दाखवत. कट्टीच्या आकड्यावर मात्र गाडी अडायची. "इतली कट्टी?" मग तिथे जो वाद व्हायचा तो कुठल्याच बटणाने मिटणारा नव्हता. तरीही कट्टी किती धरली हे समोरच्याला धडधडीत दिसायचं, ही काही लहान गोष्ट नव्हे.

बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव करतात. जळगावच्या सराफ बाजारात तो रुमाल म्हणजे कॅल्क्युलेटर. दुकानदार वजन गुणिले भाव अधिक मजुरी दाबतो आणि एक शब्द न बोलता यंत्र गिऱ्हाइकापुढे फिरवतो. बाई तो आकडा पुसून आपला दाबते, परत फिरवते. शेजारी बसलेल्या नणंदेलाही पत्ता लागत नाही. यंत्र फिरवून न दाखवणाऱ्या दुकानदाराकडे मी तरी काही घेत नाही, मग ते सोनं असो की सिमेंट.

हे कॅल्क्युलेटर घडवणाऱ्या चार भावांचं आडनाव काशिओ. थोरले तादाओ, मग तोशिओ, काझुओ आणि युकिओ. तादाओंनी १९४६ साली टोकियोत छोटा कारखाना काढला. त्यांची खपलेली पहिली वस्तू म्हणजे सिगारेट अडकवायची सोय असलेली अंगठी. युद्धानंतरची टंचाई होती. सिगारेट थेट थोटकापर्यंत ओढता यावी आणि हात कामाला मोकळे राहावेत, अशी ती युक्ती. (आमच्या जिनिंगवर ती चालली नसती. कापसाच्या ढिगाजवळ विडी पेटवणाऱ्याला लोक आधी झोडपतात, मग नाव विचारतात.) अंगठीच्या पैशांवर भाऊ हिशोबाच्या यंत्रामागे लागले आणि १९५७ मध्ये त्यांचं १४-ए हे यंत्र बाजारात आलं. आत दातेरी चाकं नाहीत, ३०० हून अधिक रिले, म्हणजे विजेने उघडझाप करणारे स्विच, आकार टेबलाएवढा, वजन १४० किलो. आण्णांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे दीड क्विंटलला दहा किलो कमी. काट्यावर लावायला पाहिजे होतं." पुढे १९७२ मध्ये हातात मावणारा, सहा आकडी कॅसिओ मिनी आला, १२,८०० येनांना. तिथून हे यंत्र साहेबाच्या टेबलावरून दुकानदाराच्या गल्ल्याकडे सरकलं.

इंजिनिअरिंगला जळगावला गेलो तेव्हा गादीवरच्या कॅसिओचा शिकलेला भाऊ भेटला, एफएक्स-९९१एमएस हा सायंटिफिक कॅल्क्युलेटर. त्याच्या सरकत्या झाकणावर कर्कटकाने नाव कोरायचं, ही प्रवेशानंतरची पहिली विधी. झाकणाच्या आतल्या बाजूला काही मुलं पेन्सिलीने सूत्रं लिहीत, आणि वर्गावरचे सर पेपर वाटण्याआधी सगळ्यांची झाकणं उघडून बघत. झडतीच म्हणा ना. परीक्षा सुरू व्हायच्या आधी वर्गभर एकच उदाहरण चालायचं, साइन ३०. उत्तर ०.५ आलं तर यंत्र अंशात आहे, जीव भांड्यात. उणे ०.९८८ आलं की कुणीतरी रेडियन या कोनाच्या दुसऱ्या मापावर ठेवून दिलंय. देवाला नमस्कार केला नाही तरी चालेल, पण साइन ३० करूनच पेपर उघडायचा.

त्या कॅल्क्युलेटरच्या सूचनापत्रकात लिहिलं होतं की तो ० ते ४० अंश सेल्सिअस तापमानात वापरावा. आता जळगावात मे महिन्यात, वार्षिक परीक्षेच्या ऐन मोसमात, पारा ४५ च्या पुढे जातो. जपानी माणसाने आमचा विचारच केला नव्हता. यंत्र मात्र मुकाट चाललं. घाम आमचाच आकड्यांवर गळत होता.

घड्याळ एफ-९१डब्ल्यू. १९८९ पासून जवळपास तसंच्या तसं विकलं जातंय, वजन २१ ग्रॅम, एका सेलवर सात वर्षं. बाजारात नकली इतकी की खरं ओळखायची एक खूण पोरांना पाठ असते: उजवीकडचं बटण तीन सेकंद दाबून धरायचं, पडद्यावर वेळेच्या जागी कंपनीचं नाव उमटतं. आता नकलीवालेही ती खूण शिकले, तो भाग वेगळा. घड्याळातला हिरवा दिवा अगदी मिणमिणता, अर्धाच पडदा उजळतो. पण शेतीची वीज रात्री बाराला येणार म्हणून बांधावर पांघरूण घेऊन बसलेल्या माणसाला तेवढा पुरतो. आणि तासाला वाजणारी त्याची ती ‘बीप-बीप’! गावातल्या सप्ताहात कीर्तन रंगात आलेलं असतं, नऊ वाजतात, आणि मंडपाच्या एका कोपऱ्यातून बीप येतं. मग दुसऱ्या कोपऱ्यातून. मग स्टेजजवळून. कंपनीच म्हणते की हे घड्याळ महिन्याला ३० सेकंदांपर्यंत मागेपुढे जाऊ शकतं, त्यामुळे आमच्या गावात नऊ वाजायला चांगलं मिनिटभर लागतं. महाराज तेवढं थांबून घेतात.

बाकी नातेवाइकांशी आमचं फारसं येणंजाणं झालं नाही. डिजिटल डायरी मामांकडे होती; त्यात फोन नंबर भरून ते खिशात वहीसुद्धा ठेवत. न फुटणारं जी-शॉक घड्याळ १९८३ मध्ये किकुओ इबे या इंजिनिअरने बनवलं. वडिलांनी दिलेलं घड्याळ पडून फुटलं म्हणून हा माणूस हट्टाला पेटला होता. माझ्या पुतण्याकडे ते आहे आणि तो ते मुद्दाम पाडून दाखवतो. मागे पडदा असलेला क्यूव्ही-१० हा कॅमेरा १९९५ चा. तो मी कधी हातात घेतला नाही. पण फोटो काढल्या काढल्या "दाखव बरं" म्हणायची जी खोड आपल्या सगळ्यांना लागली, तिचं मूळ त्या मागच्या पडद्यात.

आणि वाजणारा कॅसिओ. याच्याबद्दल लिहायचं तर लग्नसराईत वरातीमागे चालत लिहायला हवं. धुळे-जळगाव पट्ट्यात बँडची गाडी निघते. पुढे पिपाण्या, मागे जनरेटर, मध्ये भोंगे, आणि गाडीवर कॅसिओवाला, शेजारी पॅडवाला. वाद्यावर ठळक यामाहा लिहिलेलं असलं तरी तो कॅसिओवालाच. एका बाजूला नवरदेवाचे मित्र अहिराणी गाण्याची फर्माईश करतात, दुसरीकडे मामेसासरे जुन्या हिंदी गाण्यावर अडून बसतात, आणि हा एकटा बटणं दाबून सनई, बासरी, व्हायोलिन सगळ्यांची हजेरी लावतो.

संगीत शिकलेली मंडळी या तयार बटणांना नाक मुरडतात. त्यांच्यासाठी एक हकीकत आहे. ओकुदा हिरोको नावाची तरुणी १९८० मध्ये संगीत शिकून कॅसिओत नोकरीला लागली. १९८१ मध्ये बाजारात आलेल्या एमटी-४० या लहानशा कीबोर्डमधले ताल तिने बसवले. त्यातल्या ‘रॉक’ नावाच्या तालावर १९८५ मध्ये जमैकातल्या पोरांनी गाणं रचलं, आणि तिथलं रेगे संगीत वादकांच्या हातून यंत्राच्या हाती गेलं. पुढे कित्येक गाणी त्याच एका बटणावर उभी राहिली. जमैकाला चालतं ते शिरपूरला का चालू नये? आता तर कंपनी नावाच्या शेवटी ‘आयएन’ लावून भारतासाठी वेगळे कीबोर्ड काढते, तबला-ढोलकाचे ताल घातलेले.

आमच्या गावच्या कॅसिओवाल्याला मी एकदा जेवणाच्या पंगतीत गाठलं. वरणबट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, तुपाची धार. विचारलं, तुझं सगळ्यांत लाडकं बटण कोणतं? मला वाटलं सनई म्हणेल. त्याने भाजीचा हात तसाच वर धरून ‘ट्रान्सपोज’ सांगितलं. या बटणाने सगळी पट्टी वर-खाली सरकते. बोटं तिथेच, स्वर दुसरा. तो सगळी गाणी एकाच ठिकाणी बोटं ठेवून वाजवतो आणि गाणारा बदलला की बटण दाबतो. मी म्हटलं, अरे, पण हे वाजवणं झालं का?

"नाना," तो म्हणाला, "हायदीले नवरदेवना काका गावाले उभा ऱ्हास. काळी पाचवर चढस अन् पांढरी दोनवर उतरस, एकाच कडव्यात. बटन नही ऱ्हातं ते काय करतू मी?"

त्याच रात्री हळदीला काका उभे राहिलेच. दुसऱ्या कडव्याला त्याचा डावा हात बटणाकडे गेला, आणि काका शेवटपर्यंत सुरात होते.