राजमा कुणी शिजवला?

छापखान्यातून दोनदा फोन येऊन गेला होता. संध्याकाळी सहापर्यंत फाइल पोचली नाही तर पुस्तक पंधरा दिवस पुढे ढकललं जाणार होतं. अशा सकाळी आमचे मुद्रितशोधक काका नवव्या प्रकरणाची पानं हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "मॅडम, हा माणूस निर्दोष आहे."

हा माणूस म्हणजे आमच्या कादंबरीतला खुनी.

स्वयंपाकघरात घडणाऱ्या रहस्यकथा मला फार आवडतात. रक्तपात नाही, पोलिसी खाक्या नाही. शोध घेणारी माणसं आपल्यातुपल्यासारखी, हातात फार तर झारा. शिवाय या प्रकारच्या बऱ्याच पुस्तकांत प्रकरणाच्या शेवटी कथेतल्या पदार्थाची कृतीही छापतात. वाचक ती करून बघतो. म्हणून असं पुस्तक संपादित करताना मला दुहेरी जबाबदारी वाटते: कथा फसली तर वाचक नाराज होतो, कृती फसली तर तो उपाशी राहतो. उपाशी राहण्याहून वाईटही काही होऊ शकतं, हे त्या दिवशी कळलं.

कथा थोडक्यात अशी. स्वयंपाकाचा वर्ग चालवणाऱ्या एक बाई वर्गाच्या वार्षिक जेवणाच्या रात्री मरतात. त्याच रात्री चार विद्यार्थ्यांना उलट्या होतात. वर्गातल्या तीन मैत्रिणी तपास करतात आणि ठरवतात की मोठ्या भांड्यातल्या राजम्यात कुणीतरी विष कालवलं. बाईंनी जास्त खाल्लं म्हणून त्या गेल्या, बाकीचे वाचले. भांडं ढवळताना दिसला होता मदतनीस. म्हणून तो खुनी. पुरावा एवढाच, पण लेखिकेने तो इतक्या झोकात मांडला होता की दोन वाचनांत मला कुठे खटकलं नव्हतं.

काकांना खटकली ती प्रकरणाच्या शेवटची कृती. राजमा दोन तास भिजवा, त्याच पाण्यासकट स्लो कुकरमध्ये घाला, मंद आचेवर सहा तास ठेवा. कथेत हा राजमा आमच्या नायिकेनेच केलेला.

"यात कुणी काही कालवायची गरजच नाही," काका म्हणाले. "हा राजमाच माणसाला आजारी पाडेल."

काकांचं म्हणणं खरं होतं. कच्च्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. भिजवलेले चार-पाच कच्चे दाणेही पोट उलटवायला पुरतात. खळखळत्या पाण्यात, १०० अंशांना, ते दहा मिनिटांत निकामी होतं. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन खात्रीसाठी अर्धा तास उकळायला सांगतं, तेही भिजवल्याचं पाणी फेकून नव्या पाण्यात. पण ८० अंशांच्या आसपासच तापवला तर राजमा कच्च्यापेक्षा पाचपटीपर्यंत जास्त विषारी होऊ शकतो. साध्या कुकरमध्ये ही भीती नाही, कारण आतलं तापमान १०० च्या वर जातं. स्लो कुकरचं तसं नसतं.

छापायची कृती नुसत्या ऐकीव माहितीवर बदलणं मला पटेना. काका तयारीनेच आले होते. रात्री प्रकरण वाचून त्यांनी राजमा भिजत घातला होता आणि तो डब्यात घालून आणला होता. मुखपृष्ठ करणारा आमचा मुलगा घरी केक करतो. तो धावत जाऊन आपला स्लो कुकर आणि सळईचा थर्मामीटर घेऊन आला. दहाला चहाच्या खोलीत भांडं लावलं. दोनला सळई घातली तर आकडा ७४ वर येऊन थांबला.

मी चमच्याने एक दाणा काढला, पाण्याखाली निववला आणि चिमटीत धरला. साल सुरकुतली होती, टोकाशी फाटली होती. दाबल्यावर तो सहज चिरडला. मधोमध खडूसारखी बारीक कणी लागली तेवढीच. भुकेल्या माणसाला ती कणी मुळीच जाणवली नसती. ताटात वाढला असता तर मीही खाल्ला असता. मी बोटं दोनदा साबणाने धुतली.

म्हणजे मदतनीस सुटला. पण मग बाई कशाने गेल्या? अशा राजम्याने माणूस एक ते तीन तासांत बेजार होतो, आणि पुढच्या तीन-चार तासांत सहसा सावरतोही. बाई मात्र अकराला मेलेल्या सापडतात. थोडक्यात, त्या रात्री दोन वेगळ्या गोष्टी घडल्या होत्या. एक चूक आणि एक खून. तपास करणाऱ्या तिघींनी त्यांची एकच गोष्ट केली होती, आणि लेखिकेनेही.

माझ्या डोक्यात १९०६ सालचं एक खरं प्रकरण घोळत होतं. न्यूयॉर्कजवळच्या ऑयस्टर बे इथल्या एका घरात अकरा जणांपैकी सहा जणांना विषमज्वर झाला. तपासाला आलेल्या जॉर्ज सोपर यांनी दिवस मोजले. आजार अंगात भिनायला लागणारा काळ मागे मोजत गेल्यावर त्यांना दिसलं की आजार सुरू व्हायच्या तीनेक आठवडे आधी घरात नवी स्वयंपाकीण आली होती, मेरी मॅलन. तिचे बाकीचे पदार्थ उकळून, भाजून केलेले. पण आइस्क्रीममध्ये ती ताज्या पीचच्या फोडी घालायची, न शिजवता. तिच्या हातचे जंतू त्यातूनच पोचले, असं सोपर यांनी ताडलं. जेवणातून झालेल्या आजारात कोण कुठे उभं होतं याच्याइतकंच किती वाजता काय झालं हे बघावं लागतं.

मग आम्हीही घड्याळ मांडलं. मुखपृष्ठाच्या एका बाद प्रिंटच्या पाठीवर मुलाने आडवी रेघ ओढली. आठला जेवण. तिघांना उलट्या साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यान, म्हणजे अगदी बरोबर. अकराला बाई. चौथा आजारी म्हणजे बाईंचा भाचा, त्याची वेळ सापडेना. हिशेबाच्या बाई आपलं काम सोडून आल्या होत्या. त्यांनी पानं उलटून वाक्य शोधलं आणि मोठ्याने वाचलं: "पहिलाच घास घेतला आणि तोंडावर हात दाबून तो न्हाणीघराकडे धावला."

"पहिलाच घास?" त्या म्हणाल्या. "अहो, बाकीच्यांना दीड ते अडीच तास लागले. हा पाच मिनिटांत कसा ओकला?"

कुणी बोलेना. काकांनी चष्मा काढून पुसला. भांड्यात काही असेल ही शंका पहिल्यांदा त्या भाच्याने पेरली होती. त्याला आजारी दिसायचं होतं, ते सगळ्यांच्या आधी. आणि चौथ्या प्रकरणात, बाईंच्या एकटीच्या पेल्यात सरबत ओतून देणारा कोण? तोच. ते वाचताना मला तो लाघवी वाटला होता.

मी लेखिकेला फोन लावला. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या. पहिल्या पुस्तकापासूनची आमची ओळख. मी सगळं सांगितलं आणि त्या इतका वेळ गप्प राहिल्या की फोन कट झाला असं मला वाटलं.

"अगं, तो भाचा मी नुसता घाबरट म्हणून रंगवला होता," शेवटी त्या म्हणाल्या.

"ताई, तुम्ही सगळं लिहून ठेवलंय. पेला, घास, वेळ. फक्त पकडलंत दुसऱ्याला."

"आणि राजमा माझ्या नायिकेने केला."

"हो."

"बिचारी. तिला हे कळलं पाहिजे. तिलाच शोधून काढू दे." आवाजात हुरूप आला होता. "मला पंधरा दिवस मिळतील का गं?"

मी छापखान्याला फोन करून आमची तारीख सोडून दिली. मालकांना ते समजावणं सोपं गेलं नाही, पण त्यांनी चहाच्या खोलीत येऊन तो ७४ चा आकडा स्वतः पाहिला आणि मान हलवली. भांड्यातला राजमा काकांनी पिशवीत बांधून टाकून दिला, भांडं घासलं, मग थर्मामीटरची सळईही घासली.

संध्याकाळी मी कृतीच्या पानावर नवा मजकूर लिहिला: राजमा रात्रभर भिजवा. ते पाणी ओतून टाका. नव्या पाण्यात निदान ३० मिनिटं खळखळून उकळा, आणि मगच मंद आचेवर ठेवा. काकांनी "मगच" खाली पेन्सिलीने रेघ मारली.

एक काम उरलं होतं. "पहिलाच घास" असलेलं ते वाक्य पहिल्या प्रुफात फापटपसारा म्हणून मीच लाल शाईने खोडलं होतं. नजरचुकीने ते दुसऱ्या प्रुफात तसंच राहून गेलं होतं. मी जुनं पान काढलं, खोडलेल्या शब्दांखाली टिंबं दिली आणि समासात लिहिलं: आहे तसं ठेवा.