तुम्ही निघा ताई, मागं बघू नका

रविवार, रात्रीचे साडेदहा

आज फोन आला लेकराचा. मोजून चार मिनिटं. त्यात मी तीनदा विचारलं जेवायलास का नीट, तो तिन्हीदा हो म्हणला, आन् चौथ्यांदा विचारणार तेवढ्यात मागून कुणीतरी "जल्दी कर भाई" म्हणलं आणि झालं. ठेवल्यावर आठवलं की टाचेच्या फोडाचं विचारायचं राहिलंच, दुपारपासून घोकत बसले होते तरी.

आवाज पार बसलाय त्याचा. म्हणला सगळ्यांचाच बसलाय, दिवसभर वरडायलाव. शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात तिथं. मी म्हणलं जपून राहा, तर पटकन तोंडातून निघालं "जी साब", मग स्वतःच खो खो हसला. ह्यांना पण हसू आलं. मला नाही आलं. फौजेत अग्निवीर म्हणून जाऊन तीनच आठवडे झालेत अजून.

मी अंगणवाडीत सेविका आहे, एकोणीस वर्ष झाली. दर जूनला नवी लेकरं येतात, तीन तीन वर्षांची, पदर सोडत नाहीत, नाक गळायलं, आई दारात अडकलेली. मी सगळ्यांना एकच सांगते, तुम्ही निघा ताई, मागं बघू नका, दहा मिनिटात गप होतंय. आणि होतंच. खिचडीचं पातेलं आलं की विसरतंय. पण ती बाई घरी जाऊस्तोवर रस्त्यानं काय करत असन हे मी कधी कुणाला विचारलं नाही, खरंच डोक्यातच आलं नाही कधी.

आमच्या पोराला असं कधी सोडून यावंच लागलं नाही. तो माझ्याच अंगणवाडीत होता, आई समोरच.

उंचीची पट्टी पण तिथलीच. आपल्या महाराष्ट्राच्या पोरांना जीडीला, म्हणजे साध्या शिपायाच्या भरतीला, 168 सेंमी लागते आणि हा कितीतरी महिने 167 वर अडकलेला. रोज संध्याकाळी चावी घेऊन जायचा, भिंतीला पाठ लावून उभा, आई बघ की, आई टाच उचलली नाही बघ. पेन्सिलीनं 168 ला एक रेघ मारलीय त्यानं, अजून आहे. छाती 77 आणि फुगवून 5 वाढली पाहिजे, ते टेप लावून बघायचं काम ह्यांचं. लिंबाच्या फांदीला पाईप बांधला पुलअप्सला. सेलू रोडवर ह्यांनी गाडीच्या मीटरवर 1600 मीटर मोजून दगडाला चुना लावला, साडेपाच मिनिटात आला तर पूर्ण मार्क, पहिल्या दिवशी सहा वीस लागले होते आणि रस्त्याच्या कडेला उलटी केली त्यानं. पहाटे साडेचारला उठायचा. कडी वाजायची, मग कुत्रं त्याच्या मागं.

आता साडेचारला हे उठतात. म्हणतात कुत्र्याला फिरवून आणतो. आमच्या गावात कुत्रं फिरवायची पद्धत कधीपासून सुरू झाली काय माहित.

जायच्या आदल्या दिवशी गावानं हलगी लावून मिरवलं, फेटा, हार, चौकात फोटोचं बॅनर. खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला. पण मला हे पण माहितंय की पोरगं बारावीनंतर भरतीच्या मागं लागलं ते घरचं बघून. यंदा सप्टेंबरच्या पावसात दुधना आली आणि आमचं सोयाबीन चार दिवस पाण्यात होतं, शेंगा झाडावरच उगवल्या. बॅनरवर असलं काही लिहीत नाहीत.

आणि लोक. चार वर्षानं काय म्हणतात, पन्नास जणांनी विचारलं असन. अहो आम्हाला कळतंय की, हिशोब आम्ही पण केलाय. पहिल्या वर्षी 30 हजार, त्यातले 9 कापून सेवानिधीला, म्हणजे चार वर्षानं एकदम मिळायच्या रकमेला, हातात 21. चार वर्षानं शंभरातले पंचवीसच कायम होऊ शकतात, बाकीचे सेवानिधी घेऊन माघारी. सगळं पाठ आहे. मी आता सरळ म्हणते, पुढच्या सालाच्या सोयाबीनचं तुम्ही सांगा मग चार वर्षाचं मी सांगते. गप होतात.

सोडायला संभाजीनगरला गेलो, छावणीत, भरती ऑफिसला. तिथून सगळ्या पोरांना मिळून नाशिक रोडला, तोफखान्याच्या सेंटरला नेणार होते. फाईल मी लावलेली, मार्कमेमो, डोमिसाईल, जातीचा दाखला, चारित्र्याचा दाखला, प्रत्येकाच्या झेरॉक्स वेगळ्या. वीस धपाटे आन् शेंगाची चटणी. वीस कशाला म्हणला, मी म्हणलं दोस्तांना दे.

गेटवर पाया पडला. ह्यांनी नुसतं खांद्यावर हात ठेवला. मी काहीतरी बोलणार, तर तोच म्हणला, "तुम्ही निघा ताई, मागं बघू नका." अगदी माझ्याच आवाजात, माझ्यासारखा हात हलवून. लहानपणापासून ऐकलंय ना त्यानं. हे हसले, मी पण हसले, निघालो.

मी मागं बघितलं. तो फाईल उघडून एका माणसाला कागद दाखवायला लागला होता. इकडं लक्षच नव्हतं.

स्टेशनपर्यंत रिक्षात आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही, गाडीत ह्यांनी फक्त विचारलं की जालना गेलं का.

आज फोन झाल्यावर कालनिर्णय काढून आठवडे मोजले. ट्रेनिंग 31 आठवड्यांचं, 1 नोव्हेंबरपासून धरलं तर बोट जूनच्या पहिल्या हप्त्यात जाऊन थांबतंय. शेवटी कसम परेड असते, आईबापाला बोलावतात, पदक पण देतात म्हणे आईबापाला. हे ऐकून उठून बसले. "जूनमधी? ऐन मृगात? पेरणी कोण करन मग?"

मी काही बोलले नाही. लाईट बंद केली. बऱ्याच वेळानं अंधारात आवाज आला,

"पाऊस आठ दिवस उशिरा आला तर काय बिघडतंय म्हणा."

जन्मात पहिल्यांदा हा माणूस असं बोलला. म्हणलं झोपा आता, साडेचारला कुत्रं उठवन तुम्हाला.