तुम्ही विचारलंत म्हणून : डिझेल परवडते की हायब्रीड?

बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडची मंडळी मला हा प्रश्न वारंवार विचारतात, कारण उद्यमबागेत गाड्यांच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षे गेली आहेत. कंपनीने छापलेल्या ॲव्हरेजवरून याचे उत्तर निघत नाही. गाडी वर्षभर कोणत्या रस्त्यावर धावणार आहे, यावरून ते निघते.

हिशेबासाठी डिझेल ९१ रुपये आणि पेट्रोल १०३ रुपये लिटर धरू. टिळकवाडी ते खडेबाजार अशा गर्दीत डिझेल गाडीने लिटरला १२ किलोमीटर दिले, तर किलोमीटरला साडेसात रुपयांहून थोडा अधिक खर्च येतो. त्याच गर्दीत हायब्रीडने (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटार अशी दोन्ही असलेल्या गाडीने) २० दिले, तर पेट्रोल महाग असूनही तो सव्वापाचच्या आत राहतो, कारण रेल्वे गेटपाशी थांबल्यावर तिचे इंजिन बंद होते, संथ गतीत विजेची मोटार गाडीला ओढते आणि ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत जमा होते. वर्षाला १२,००० किलोमीटर धरले, तर सुमारे २९,००० रुपये वाचतात. म्हणजे हायब्रीड दोन लाखांनी महाग असेल, तर तो फरक भरून यायला सातएक वर्षे लागतात. (हे सारे स्ट्राँग हायब्रीडबद्दल आहे, म्हणजे जी नुसत्या मोटारीवरही धावू शकते; माइल्ड हायब्रीडमध्ये मोटार इंजिनाला फक्त हातभार लावते, तिच्याकडून इतकी अपेक्षा ठेवू नये.)

निपाणीवरून पुण्याला जाणाऱ्या महामार्गावर चित्र उलटते. तिथे डिझेलने १९ आणि हायब्रीडने २० दिले, तरी डिझेलच स्वस्त पडते. मात्र कर्नाटकाने १ एप्रिल २०२५ पासून डिझेलवरील विक्रीकर १८.४४ वरून २१.१७ टक्के केल्यामुळे सीमेच्या अलीकडे टाकी भरण्याचा पूर्वीचा फायदा आता फारसा उरलेला नाही.

ज्या खर्चाचा कोणी विचार करत नाही, तो डीपीएफचा. २०२० मध्ये बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाल्यापासून डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा हा फिल्टर असतो, आणि त्यातली काजळी जळून जाण्यासाठी गाडी बराच वेळ एकसारख्या वेगाने धावावी लागते. केवळ बाजार आणि शाळेच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ही प्रक्रिया वारंवार अर्धवट राहते, फिल्टर तुंबतो, न जळलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल वेळेआधी बदलावे लागते. अशा गाड्या माझ्याकडे येतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटते, कारण दोष गाडीचा नसतो, निवडीचा असतो.

बॅटरीची भीती मात्र अवाजवी आहे. टोयोटा हायब्रीड बॅटरीवर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत वॉरंटी देते. गोव्याहून चोर्ला घाट चढताना बॅटरी उतरते आणि सारा भार इंजिनावर येतो, हे खरे. पण महिन्यातून एखाद्या घाटफेरीसाठी निर्णय फिरवण्याचे कारण नाही.

खानापूरहून रोज बेळगावला येणाऱ्यांचा बहुतेक रस्ता मोकळा असतो, म्हणून त्यांना मी आजही डिझेलच सुचवतो. शहरातच राहणाऱ्यांना हायब्रीड.