कोपीचा पत्ता

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एका इमिग्रेशन वकीलबाईंच्या ऑफिसात मी पॅरालीगल आहे. नवरा-बायकोच्या केसेस आमच्याकडे सतत असतात, आणि आपल्या माणसांचा त्यातला ठरलेला घोटाळा म्हणजे पत्ता. फॉर्म विचारतो, कुठे राहत होता? आपण लिहितो, घर कुठे आहे. पुण्यात आठ वर्षं कॉट बेसिसवर काढलेला मुलगासुद्धा खुशाल 'मु. पो.' म्हणून गावचा पत्ता देतो, कारण रेशनकार्डावर तोच, आधारवर तोच. 'कायमचा पत्ता' ही काय चीज आहे, हे अमेरिकन फॉर्मला ठाऊकच नाही.

ही केस एका नर्सची. नवरा पुण्याचा, आता अमेरिकन नागरिक. ती बीड जिल्ह्यातली, शिरूर कासार तालुक्यातली. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

पहिला टप्पा सरळ गेला. आय-१३० म्हणजे नवऱ्याने बायकोसाठी करायचा अर्ज, पिटिशन. तो आणि त्यासोबतचा बायकोचा आय-१३०ए, दोन्हींना मागच्या पाच वर्षांचे पत्ते लागतात. तिचे हॉस्पिटलजवळचे फ्लॅट, दुबईतले चौदा महिने, सगळं तारखांसह होतं. दुबईत वर्षाच्या वर राहिल्यामुळे तिथलं पोलीस सर्टिफिकेट लागणार होतं, तेही तिने वेळेत मागवलं. पिटिशन मंजूर झालं आणि केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे गेली. तिथे डीएस-२६० हा व्हिसाचा अर्ज भरावा लागतो, आणि तो वयाच्या सोळाव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते मागतो.

नवऱ्याने तिच्याकडून यादी मागवून पाठवली. जानेवारी २०१४ ते सप्टेंबर २०१६ एकच ओळ, बीडचं घर. मग नर्सिंगचं हॉस्टेल, मग पुढचं. मी ती तशीच टाइप करत होते. बाजूला तिचा जन्मदाखला उघडा होता. जन्म जानेवारी १९९८, नोंद वाळवा तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीची.

वाळवा माझं माहेर. बीडच्या बाईचं बाळंतपण जानेवारीत सांगली जिल्ह्यात का होतं, हे मला कुणी सांगायला नको. आमच्या उसाला बीडकडची तोड यायची. फडाच्या कडेला पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहायच्या, आणि टोळीने खुशाली, म्हणजे वरचे पैसे, मागितले की वडील दिवसभर धुसफुसायचे. त्या कोप्यांतली मुलं सोळाव्या वर्षी कुठे असतात, तेही मला माहीत होतं. मी तिला व्हिडिओ कॉल लावला.

"अकरावी-बारावीला तुम्ही पूर्ण वर्ष घरीच होता का?"

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग उठून दार लावून आली.

"मॅडम, ते बी लिहायचं का?"

दहावीला ती आजीजवळ राहिली होती. पुढचे दोन हंगाम आई-वडिलांबरोबर तोडीला गेली. तोडीच्या हिशोबात नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मोठी बहीण लग्न होऊन गेल्यावर ही अर्धा कोयता झाली. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली, त्याला काय सांगणार? सासरी यातलं काही माहीत नव्हतं. "शेती आहे" एवढंच सांगितलेलं, आणि ते खोटंही नव्हतं. दोन एकर कोरडवाहू होती.

मी वकीलबाईंना विचारलं. त्या स्पष्ट बोलल्या: हे पत्ते राहिले म्हणून बहुधा व्हिसा अडणार नाही, यात लपवण्यासारखं काही नाही. पण अर्जावर सही करणारी व्यक्ती शपथेवर सांगते की सगळं खरं आहे. आता आपल्याला माहीत झालंय, तेव्हा माझ्या ऑफिसातून तो अपुरा जाणार नाही. मला ते पटलं, तरी तिला फोन लावायला मी दुपार घालवली.

मग बसलो तारखा लावायला. महिना आणि साल हवं, आणि तिच्याकडे सण होते. पहिल्या वर्षी दसरा झाल्यावर आठवड्याने निघालो, गुढीपाडव्याला घरी होतो, ती म्हणाली. म्हणजे ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१५. तेव्हा घरची बैलगाडी होती. गाडी सेंटरची माणसं कारखान्याजवळच मुक्कामाला असतात, त्यामुळे पत्ता एकच, वाळवा तालुक्यातला. मला वाटलं, अवघड ते झालं.

दुसऱ्या वर्षी दुष्काळ. २०१५ चा. चारा नाही, पाणी नाही, वडिलांनी बैल विकले. बैल गेले म्हणजे डोकी सेंटर: मोळ्या डोक्यावरून ट्रकमध्ये भरायच्या, आणि जिथे फड तिथे कोपी. शिरोळ तालुक्यात त्या हंगामात त्यांनी तीन गावं बदलली. कोणतं कधी, हे तिला आठवेना. तिने आईला फोन जोडून दिला. आईला गावांची नावं नीट आठवत नव्हती, पण क्रम पक्का होता: पहिल्या ठिकाणी दिवाळी, दुसऱ्या ठिकाणी लेकीला ताप, तिसऱ्या ठिकाणाहून फेब्रुवारीत लेक बारावीच्या परीक्षेला एकटी एसटीने गेली. गावांची नावं शेवटी वडिलांनी सांगितली. मी पिनकोड शोधून काढले.

आता घर नंबर आणि रस्त्याच्या रकान्यात काय लिहायचं? मी 'लेबर कॅम्प' लिहिलं, ते वकीलबाईंनी खोडलं. वाचणाऱ्याला भलतंच काही वाटेल, म्हणाल्या. कोपी म्हणजे काय हे मी त्यांना कागदावर काढून दाखवलं. "म्हणजे हॅमंटनला ब्लूबेरी तोडायला माणसं येतात, तसं?" साधारण तसं. फक्त कोपीला दार नसतं. शेवटी 'हंगामी शेतमजुरांची तात्पुरती वस्ती, रस्त्याला नाव नाही' अशा अर्थाचं इंग्रजी लिहिलं आणि खाली गाव, तालुका, जिल्हा.

"हे यांना दिसेल का?" तिने विचारलं. दिसणार होतं. केस नंबर आणि इनव्हॉइस आयडी असला की तो अर्ज उघडतो, आणि दोन्ही नवऱ्याच्या ईमेलवर आलेले. मी म्हटलं, दोन दिवस सबमिट करत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. आवाज जरा बसलेला. म्हणाला, तिने सांगितलं, आईला मी सांगेन, तुम्ही सबमिट करा. मग थांबून विचारलं, "त्या तीन गावांपैकी एकाचं स्पेलिंग चुकलंय का? मी नकाशात बघत होतो, सापडलं नाही." खरंच चुकलं होतं. दुरुस्त केलं.

मुंबईतली मुलाखत सात-आठ मिनिटांत संपली. लग्नाला कोण कोण होतं, नवरा काय करतो, एवढंच विचारलं. पत्त्यांबद्दल एक शब्द नाही.

"इतकं लिहिलं आपण, अन् वाचलं बी नसंल कुणी," ती फोनवर म्हणाली. बरीच चिडलेली होती.