भातातला खडा

संक्रांतीच्या आधी गोंदियातल्या आमगावकडून मामाचं चिन्नोर तांदळाचं पोतं येतं. आम्ही यवतमाळकडचे, कापूस-तुरीची माणसं. पण आईला भात लागतो तो माहेरच्या बांधीतलाच. मग रोज दुपारी ती ओसरीत सूप घेऊन बसते. धानाचे पुंजणे, चुरणा, गावातली जुनी मिल, पाखडणं, निवडणं, तीनदा धुणं, एवढं सगळं होऊनही एखादा खडा ताटापर्यंत येतोच.

परवा तो माझ्या दाढेखाली आला. असा कचकन वाजला, की पोरीनं मान वर केली. आईनं दाढेची चौकशी करावी की नाही? तिनं खडा पाहिला नि म्हणाली, "तिकडला दिसते." आवाजात थोडं कौतुकच होतं.

तिकडलाच होता. पांढुरका, एका कडेला गुलाबी झाक. आमच्या शिवारात असा सापडायचा नाही. इथं विहीर खोदा की पाया, लागतो तो काळा दगड. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. मामाच्या पायरीचा दगड वेगळा. करड्या-गुलाबी पट्ट्यांचा, लुगड्याच्या काठासारखा. लहानपणी त्या पायरीवर बसून मी ते पट्टे बोटानं गिरवत असे. पुस्तकात त्याला पट्टिताश्म म्हणतात आणि आमगावकडच्या या दगडाचं वय दोनशे कोटी वर्षांच्या पलीकडं जातं. आमचा काळा दगड त्याच्यापुढं कालचं पोर.

आईला हे सांगितलं तर ती हसली. "गोट्याले काय जनमपत्री रायते काय, बाबू?"

राहते. आणि गंमत अशी, की सगळ्यात जुनी जन्मपत्री एका खड्यातच सापडली. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये तीनेकशे कोटी वर्षांपूर्वीचा वाळू-गोट्यांचा खडक आहे. त्यात झिरकॉन नावाच्या खनिजाचे कण मिळाले, डोळ्याला जेमतेम दिसतील एवढे. त्यांतल्या एकाचं वय ४४० कोटी वर्षं निघालं, हे २००१ साली जाहीर झालं. ज्या दगडात तो कण जन्मला तो दगड केव्हाच झिजून गेला. कण मात्र पाण्याबरोबर वाहत आला, वाळूत पडला, वाळूचा पुन्हा खडक झाला, हा तसाच. आईच्या सुपातून सुटणाऱ्या खड्याची जातच ती.

वय कळतं ते त्याच्या खोडीमुळं. झिरकॉनचा स्फटिक तयार होताना थोडं युरेनियम आत घेतो, शिशाला मात्र दारातच अडवतो. आत गेलेलं युरेनियम हळूहळू मोडत शेवटी शिसं होतं. तेव्हा आज आत जे शिसं दिसेल ते घरातच जन्मलेलं. किती युरेनियम उरलं, किती शिसं झालं, त्यावरून वर्षं मोजायची. निम्मं युरेनियम संपायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात, म्हणजे पृथ्वीचं जवळपास सगळं आयुष्य. इतकं सावकाश चालणारं घड्याळ म्हणूनच इतक्या जुन्या हिशेबाला कामी येतं.

पृथ्वीचं स्वतःचं वय मात्र तिच्या दगडांवरून काढता आलं नाही. सुरुवातीला ती धगधगता रस्साच होती. धूळ-गोटे एकमेकांवर आदळून गोळा झालेले, त्यात मंगळाएवढा एक गोळा येऊन धडकला. उडालेल्या मालातून चंद्र झाला, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. त्या रश्शात जड लोखंड तळाशी बसलं आणि हलका माल वर आला. सावजी खाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तर्री वरच असते. वरचा थर निवून पहिलं कवच धरलं, पण ते पुन्हा पुन्हा फुटलं, आत गेलं, वितळलं. त्या पहिल्या दिवसांतला अख्खा दगड कुठं उरल्याचं ठाऊक नाही. कॅनडातला अकास्टा पट्टिताश्म त्यातल्या त्यात म्हातारा, ४०० कोटींच्या थोडा वर.

शेवटी उत्तर आभाळातून पडलेल्या लोखंडानं दिलं. पृथ्वी ज्या धूळ-गोट्यांतून झाली, त्यांतलाच हा उरलेला, तिच्याच वयाचा माल. अमेरिकेत ॲरिझोनात आपल्या लोणारसारखंच उल्केचं विवर आहे. तिथल्या उल्केतलं आणि असेच आभाळातून पडलेल्या आणखी काही दगडांतलं शिसं मोजून क्लेअर पॅटरसन या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९५६ साली सांगितलं, ४५५ कोटी वर्षं. आजही आकडा तिथंच आहे, फार तर काही कोटींनी इकडंतिकडं.

मला मात्र त्या झिरकॉनची दुसरी साक्ष जास्त आवडते. त्यांतल्या काही कणांमधल्या ऑक्सिजनवरून दिसतं, की ४३० कोटी वर्षांपूर्वीच जमिनीवर पाणी असावं. रस्सा निवून फार दिवस झाले नव्हते आणि कुठंतरी पाणी साचलंही होतं.

हे सगळं मी ओसरीत आईला ऐकवत होतो. ती हूं-हूं करत निवडत होती. मध्येच सुपातून एक खडा चिमटीत धरून तिनं विचारलं, "मंग ह्याचं कितीक झालं?" मी म्हटलं, दोनशे कोटी तरी असेल. "बापा!" म्हणाली आणि भिरकावला अंगणात. काळ्या मातीवर तो पांढरा ठिपका लगेच उठून दिसला. तेवढ्यात शेजारची तलंग कोंबडी धावत आली, मान तिरपी करून तिनं एकदा पाहिलं आणि गिळून टाकला.